नमुन्याबरहुकूम

मिन्सिलू आपाला रडता येत नाही, असं आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या. तोंडावर नाही हं. हापशावर बादल्या भरताना. "नवरा गेला तरी डोळ्याला टिपूस नाही बाईच्या. काळीज आहे की फळकूट?" बोलणारीच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! आपाला सगळं ऐकू यायचं. ती आपली बादली भरायची, "बरं आहे ना सगळं?" एवढं विचारायची आणि चिखलातून फळ्यांवर पाय टाकत घराकडे निघायची. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तोच प्रश्न पडला होता.

जन्म कामा नदीकाठच्या एका तातार खेड्यातला. आई गावभरच्या लग्नाच्या रजया शिवायची, त्यामुळे सुई आपाच्या हातात बोलता येण्याआधीच आली. हात असा की आखून दिल्यासारखा टाका. पुढे सालिखशी लग्न झालं. तो नदीवर मालाच्या नावा हाकायचा, मोठ्यानं हसायचा, आणि बायकोच्या गप्प राहण्याची टिंगल करायचा. "तुझ्याशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं," म्हणायचा. दोघं कझानला आली, आणि पाठोपाठ लढाई आली. सालिख गेला आघाडीवर, आपा गेली विमानांच्या कारखान्यात, शिवणखात्यात.

रझेव्हजवळ तो पडल्याचा कागद कारखान्याच्याच पत्त्यावर आला. शिवणखात्याची मुकादम कापितोलिना झखारोव्हना, अंगानं दांडगी आणि तोंडानं फाटकी बाई, त्या दिवशी कागद हातात घेऊन आपाच्या मशीनपाशी नुसती उभी राहिली. आपानं वाचला, घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला, आणि अर्धी राहिलेली शिवण पुरी केली. रडली ती कापितोलिना. संध्याकाळी आपानं तो तुकडा उचलून उजेडात धरला. कागद आला त्याच्या आधीचे टाके आणि नंतरचे टाके यांत काही फरक दिसेना. एक टाका हलला नव्हता. तेव्हा ती घाबरली, नवरा गेल्याच्या दुःखाला नाही, तर त्या सरळ शिवणीला घाबरली. माणूस गेलं आणि हाताला कळलंच नाही, मग आत कोणी राहतं तरी का, असं तिला वाटलं.

लढाई संपली. इतर देशांत म्हणे लोकांनी हुश्श केलं. आमच्याकडे नवीन हुकूम आला. लढाईच्या अखेरीला परक्या देशाचं एक थोरलं बॉम्बफेकी विमान पूर्वेकडे आपल्या हद्दीत उतरलं होतं. चार इंजिनं, चार पंखे, आणि एवढ्या उंचीवर जाणारं की आत माणसांसाठी हवा भरून ठेवावी लागे. आपल्याकडे तसलं काही नव्हतं. वरून आदेश सुटला: तस्संच करा. सुधारू नका, डोकं चालवू नका, तस्संच. मग ते विमान खिळा-खिळा सुटं केलं. प्रत्येक तुकडा तोलला, मोजला, त्याचा फोटो काढला आणि त्याला नाव दिलं: नमुना. परक्यांचं माप इंचात, आमचं मिलीमीटरात. त्या जाडीचा पत्रा देशभर मिळेना. इंजिनवाले वेगळे रडत होते, पत्रेवाले वेगळे. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, पण इथे अक्कल दाराशी काढून ठेवूनच आत यायचं होतं.

शिवणखात्याच्या वाट्याला आला बोगदा. त्या विमानात पुढे एक खोली, मागे एक खोली, आणि मध्ये बॉम्बचं पोट. मागच्या माणसानं पुढे यायचं तर पोटावरून गेलेल्या एका गोल नळीतून सरपटत यायचं. अंगाला पत्रा लागू नये, थंडी लागू नये म्हणून त्या नळीला आतून रजईसारखं अस्तर. नमुन्याचं अस्तर लांब टेबलावर पसरलं तेव्हा सगळ्या बायका गोळा झाल्या.

"कापड बघा काय आहे!" एकजण म्हणाली.

"कापडाचं कौतुक पुरे. हे काय आहे ते बघा," कापितोलिना म्हणाली.

उजव्या अंगाला, मध्याच्या जरा पुढे, शिवण सरळ चालता चालता एकदम ढळली होती. काही टाके तिरके, एकावर एक चढलेले, मग एक गाठ, आणि पुन्हा शिवण रेषेवर. त्या ढळलेल्या जागी दोन थर नीट धरलेच गेले नव्हते. खिशासारखी एक फट राहिली होती आणि कापडाला झोळ पडला होता.

"चुकली बया," एक पोरगी फिदीफिदी हसली. "म्हणजे त्यांच्याकडेही सुट्टीनंतरचा सोमवार असतोच की!"

तपासनीस देम्यान काका म्हणजे म्हातारा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, शिक्का नेहमी कोटाच्या आतल्या खिशात. त्यांनी हसणारीकडे बघितलं आणि ती गप्प झाली. तंत्रज्ञ विकेन्ती ल्वोविच यांना बोलावणं गेलं. ते आले, वाकून बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"हे सरळ करायचं ना?" कापितोलिनानं विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं सरळ करायला?"

"अहो, चूक दिसतेय ढळढळीत."

"मला नमुना दिसतोय," विकेन्ती ल्वोविच म्हणाले. "नमुन्याबरहुकूम शिवा."

बायका आपापल्या मशीनकडे वळल्या. विकेन्ती ल्वोविच लढाईच्या आधी काही वर्षं 'तिकडे' जाऊन आले होते. कुठे ते कुणी विचारायचं नसतं. एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की परत आले तेव्हा त्यांना दात नव्हते.

आता गंमत ऐका. सरळ शिवणं सोपं. दुसरीची चूक टाक्याला टाका लावून शिवणं महाकठीण. पोरींचे तुकडे एकामागून एक परत यायला लागले. देम्यान काका पारदर्शक कागदावर उतरवलेला साचा वर ठेवायचे आणि मान हलवायचे. "तिरका आहे, पण तिचा तिरका नाही." शेवटी ते काम आपाकडे आलं. तिनं नमुन्यावरून बोट फिरवलं, डोळे मिटले, परत फिरवलं. मग शिवलं. साचा बसला. तेव्हापासून बोगद्याची ती जागा आपाचीच झाली. त्या परक्या देशात ती चूक एकाच विमानात असणार. आमच्याकडे दर विमानात होती, अगदी काळजीपूर्वक शिवलेली.

शिवताना आपाला त्या बाईचा विचार यायचा. मशीनवरून ही बाई मध्येच का उठली असेल? की उठली नाही, बसूनच होती, आणि हात थरथरला? कुणी तिच्याजवळ कागद घेऊन येऊन उभं राहिलं असेल का? असंच काहीतरी असणार, आपाला वाटायचं. कागद आला आणि त्या बाईचा हात ढळला. माझा नाही ढळला. दर विमानामागे एकदा ती दुसरीचं रडणं शिवत होती, आणि आपलं स्वतःचं मात्र तिला कुठेच सापडत नव्हतं.

तिच्या जिवाला जीव देणारं एकच माणूस उरलं होतं: धाकटा भाऊ इल्गिझ. आईमागे तिनंच वाढवलेला. तो त्याच विमानांच्या चाचणी-उड्डाणांवर होता. मागच्या खोलीत काचेच्या फुगवट्याशी बसून इंजिनांवर नजर ठेवायची हे त्याचं काम. ती इंजिनं मोठी नाठाळ होती. तापायची, तेल ओकायची, आणि कधीकधी हवेतच पेट घ्यायची. धूर दिसला की ओरडायचं, पुढचे लोक त्या इंजिनाचं तेल बंद करायचे. दुसऱ्या बाजूच्या फुगवट्याशी येगोर बसायचा. रियाझानकडचा, अनाथ, गोल गरगरीत गडी. तो इल्गिझबरोबर रविवारी जेवायला यायचा आणि रशियन असूनही तिला आपाच म्हणायचा.

"आपा, तो बोगदा तुम्हीच शिवता ना?" आपानं केलेले मांस-बटाट्याचे तिकोनी एचपोचमाक तोंडात कोंबत तो विचारायचा.

"कारखान्यातलं घरात बोलायचं नाही," आपा म्हणायची.

"नका बोलू. फक्त जरा सैल शिवा. तुमच्या हातचं खाऊन माझं पोट त्यात मावेनासं झालंय."

"मग चार कमी खा."

"ऐकलंस इल्गिझ? बहीण तुझी, आणि उपाशी मला मारते!"

तो हसायचा तेव्हा ताटं हलायची. आपा दुधाचा चहा त्याच्यापुढे सरकवायची. तिला तो आवडायचा, पण आवडतो हे तिला तिचं तिलाच बाहेरून कळायचं. कारण त्याच्यासाठी ती एक तिकोन जास्त करायची.

मग एक दिवस अस्तर बसवताना काहीतरी कमी पडलं म्हणून आपाला स्वतः बोगद्यात शिरावं लागलं. कोपरांवर सरपटत ती निम्म्याच्या पुढे गेली आणि तिच्या एप्रनचा आकडा त्या फटीत गेला. पुढे जाववेना, मागे येववेना. हात उलटा वळवून सोडवायचा तर जागा नाही. शेवटी एप्रन फाडून ती बाहेर आली. बाहेर आल्यावर तिला एकदम आठवलं: विमानातल्या माणसांच्या अंगावर तर हवाई छत्रीचे पट्टे असतात, आणि त्या पट्ट्यांना लोखंडी आकडे.

ती तशीच, फाटक्या एप्रननं, विकेन्ती ल्वोविचकडे गेली. उभ्या जन्मात वरिष्ठाकडे आपणहून गेलेली ही पहिलीच वेळ.

"साहेब, ती फट आकडा धरते. घाईत माणूस अडकेल."

त्यांनी उठून आधी दार लावलं. "मिन्सिलू, तुम्ही म्हणताय नमुन्यात चूक आहे?"

"मी म्हणते, अडकतं."

"ते एकच झालं." त्यांचा आवाज इतका खाली गेला की तिला ओठांकडे बघावं लागलं. "नमुना बरोबर आहे असं ज्यांनी म्हटलंय, त्यांच्यापर्यंत तुमचं वाक्य पोचलं तर त्याला नाव काय देतील ठाऊक आहे? घातपात. तुम्हालाही नेतील, मलाही नेतील. मी एकदा जाऊन आलोय. पुन्हा नाही जाणार. तुम्ही इथे आलाच नव्हतात."

आपा परत आली. मशीनवर बसली. नमुन्याबरहुकूम शिवलं.

त्या रविवारी तिनं इल्गिझला सामायिक स्वयंपाकघरात हाक मारली. नळ पूर्ण सोडला, कारण भिंतींनाही कान असतात आणि आमच्या भिंती तर पातळ. "ऐक. बोगद्यात उजव्या हाताला, मध्याच्या पुढे, एक फट आहे. तिथे आलास की उजवं अंग चोर. डावीकडे दाबून सरक."

"का गं?"

"का ते विचारू नकोस. कुणाला सांगूही नकोस. माझ्या गळ्याशी येईल."

"येगोरला?"

पलीकडच्या खोलीत येगोर शेजारणीच्या पोरांना कोंबड्याचा आवाज काढून दाखवत होता. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. आपानं नळाच्या पाण्याकडे बघितलं.

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

वसंतात, नदीवरचा बर्फ फुटत होता तेव्हा, इल्गिझ आणि येगोर ज्यात होते ते विमान गेलं. एका इंजिनानं पेट घेतला, आग पंखात शिरली, आणि वैमानिकानं कसंबसं शहराबाहेरच्या शेतात पोटावर उतरवलं. मागचं दार वाकून बसलं. मागच्यांना एकच वाट उरली, बोगद्याची. ही बातमी कारखान्यात दुपारी पोचली, अर्धीमुर्धी. कापितोलिना आपाच्या मशीनपाशी येऊन उभी राहिली, हात रिकामे.

आपानं वर बघितलं नाही. शिवण पुरी केली, दोरा तोडला. मग म्हणाली, "बोला."

"जिवंत आहे तुझा इल्गिझ. हात भाजलेत. पण जिवंत आहे गं!" आणि कापितोलिनाच पुन्हा रडायला लागली.

"बरं," आपा म्हणाली. पुढचा तुकडा ओढला. हात स्थिर होता. तिनं मुद्दाम बघितलं, अगदी स्थिर. भाऊ जगला तरी याला काही वाटत नाही, तिच्या मनात आलं. म्हणजे नाहीच आत कोणी.

इस्पितळात इल्गिझचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले होते. भुवया जळालेल्या. आपानं आणलेला रस्सा ती चमच्यानं भरवायला लागली. त्यानं दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं.

"तू सांगितलंस म्हणून वाचलो, आपा."

"खा."

"धूर एवढा की डोळे मिटूनच सरपटत होतो. पण ती जागा आठवली. अंग चोरलं."

"बरं केलंस. खा."

"मागे येगोर होता."

चमचा हवेतच राहिला.

"हाक मारत होता मला. 'इल्गिझ, अडकलो रे, पट्टा अडकला.' मला वळता येईना. त्या नळीत वळता येतं का कुणाला? मी ओरडलो, डावीकडे दाब, डावीकडे! त्याला वाटलं असणार, पुढे आग आहे म्हणून सांगतोय. तो मागे सरला, आणि बाहेर आलाच नाही." इल्गिझ छताकडे बघत बोलत होता. "तू म्हणालीस कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं मी. इतके दिवस पलीकडेच बसायचा माझ्या. पाव अर्धा करून द्यायचा. त्याला सुद्धा नाही सांगितलं, आपा."

आपानं चमचा वाटीत ठेवला. वाटी खाली ठेवली. "माझ्यामुळे," ती म्हणाली. नर्स येऊन भेटीची वेळ संपली म्हणाली, तेव्हा ती वाटी उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. न जाऊन काय करणार? टेबलावर पुढच्या विमानाचं अस्तर पसरलेलं होतं. चौकशी झाली होती म्हणे, आणि दोष इंजिनाच्या तेलनळीत निघाला. बोगद्याचं कुणी नावही घेतलं नव्हतं. नमुना बदलला नव्हता.

आपानं मनाशी ठरवलं होतं. आज सरळ शिवायचं. न्यायचं तर नेऊ देत. सरळ शिवणं, ज्यात तिचा हात आयुष्यात कधी चुकला नव्हता! तिनं कापड सुईखाली धरलं आणि मशीन सुरू केलं. शिवण चालली, चालली, मध्याच्या पुढे आली. तिथे तिला एकदम तो कोंबड्याचा आवाज आठवला. रविवारचा, भिंतीपलीकडचा, नळाच्या पाण्याआडून आलेला. आणि हात कापायला लागला. ती दाबून धरायला गेली तसा जास्तच कापला. टाके तिरके गेले, एकावर एक चढले, दोरा गुंतला, गाठ बसली. ती थांबू शकली नाही. शिवण कशीबशी रेषेवर आली आणि संपली.

देम्यान काकांनी तुकडा ओढून घेतला, वर साचा ठेवला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वा, पोरी! आजवरचा सगळ्यात अचूक. ती बाई स्वतः येऊन शिवून गेली म्हणावं, असा." आणि कोटातून शिक्का काढून त्यांनी कोपऱ्यात दाबला: नमुन्याबरहुकूम.

आपानं तुकडा त्यांच्या हाताखालून काढून घेतला. मशीनवर परत बसली, पातं उचललं आणि टाके उसवायला लागली.

"अगं ए वेडे!" कापितोलिना धावत आली. "शिक्का बसलाय त्याच्यावर!"

"बसू दे."

"काय करतेयस?"

"सरळ करते." आपाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाकावरून खाली कापडावर पडत होतं, आणि पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "येगोर अडकला होता इथे. इथे, या जागी. मला ठाऊक होतं, आणि मी नाही सांगितलं त्याला."

सगळी मशीनं थांबली होती. कापितोलिना वळली, दाराकडे तोंड करून आपला दांडगा देह आडवा घालून उभी राहिली, आणि बायकांवर खेकसली, "बघताय काय माझ्या तोंडाकडे? चालू करा!" मशीनं चालू झाली.

देम्यान काकांनी शिक्का खिशात ठेवला, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि बाहेर बघत बसले.